ढिगावर माती घडवणारी संस्था : ‘नीरी’च्या एका कामाचा इतिहास

नागपूर जिल्ह्यातल्या सावनेर तालुक्यात कन्हान नदीकाठी खापा गाव आहे. त्याच्याजवळ गुमगावची मँगनीज खाण. या पट्ट्यातल्या मँगनीजकडे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व्यापाऱ्यांचे लक्ष गेले. १८९६ साली सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट ही ब्रिटिश कंपनी स्थापन झाली आणि १९६२ साली तिच्या वारशातून मँगनीज ओअर इंडिया लिमिटेड, म्हणजे आजची ‘मॉयल’, उभी राहिली. पिढ्यान्‌पिढ्या खनिज निघाले आणि पोलाद कारखान्यांकडे गेले. त्याच्यासोबत निघालेला दगड, चुरा आणि निरुपयोगी मुरूम मात्र खाणीशेजारीच पडत राहिला. त्याचे ढीग झाले, ढिगांच्या टेकड्या झाल्या.

त्या टेकड्यांवरच्या भुकटीला माती म्हणणे जिवावर येते. तिच्यात कुजलेला पाला नाही, नत्र जवळजवळ नाही, स्फुरद नावापुरते. दगडांचे प्रमाण इतके, की पडलेला पाऊस एकतर खाली निघून जातो किंवा उतारावरून वाहताना बारीक कणही सोबत नेतो. हा गाळ पुढे नाल्यात आणि शेतात उतरतो. उन्हाळ्यात काळपट पृष्ठभाग असा तापतो, की वाऱ्याने आणून टाकलेले बी रुजले तरी पहिल्या वैशाखात जळून जाते. त्यात मँगनीज, लोह, तांबे, शिसे यांसारख्या धातूंची भर. अशा ढिगावर निसर्गाच्या गतीने गवत यायला किती काळ लागेल, हे सांगता येत नाही. या ढिगांवर जंगल उभे करण्याचे काम ज्या संस्थेने हाती घेतले, तिचा हा इतिहास आहे.

अक्कलकुवा तालुक्यातल्या आपल्या खापर गावच्या स्मरणिकेत नागपूरच्या संस्थेला एवढी पाने का द्यायची, असे कोणी विचारले तर उत्तर आपल्या रस्त्यावरच आहे. अंकलेश्वर–बऱ्हाणपूर महामार्ग आपल्या गावातून जातो. त्याच रस्त्याने अक्कलकुव्याच्या पाड्यांवरची माणसे पोटासाठी गुजरातेत उतरतात, कोणी ऊसतोडीला, कोणी वीटभट्टीवर, कोणी अंकलेश्वरच्या कारखान्यांत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातल्या औद्योगिक क्षेत्रांचा प्रदूषण निर्देशांक काढला, तेव्हा ८८.५० गुणांसह अंकलेश्वर सर्वांत वर होते. आपल्या महाराष्ट्रातले चंद्रपूरही ८३.८८ गुणांनी त्याच यादीत बरेच वर होते. म्हणजे कारखान्याने आणि खाणीने खराब केलेली जमीन ही खापरपासून दूरची गोष्ट नाही. आपल्या घरातली माणसे तिच्यावर उभी राहून मजुरी करतात. आणि आपल्याकडेही खडीसाठी फोडलेले, मुरमासाठी खरवडलेले डोंगर आहेतच. तिथे काय करता येते, हे ज्यांनी करून पाहिले त्यांच्याकडून शिकलेले बरे.

संस्थेची सुरुवात जमिनीपासून झाली नाही, पाण्यापासून झाली. १९५५ च्या डिसेंबरात दिल्लीत काविळीची मोठी साथ आली होती. यमुनेतून शहराला पाणी घेतले जाई त्या ठिकाणी सांडपाणी शिरले आणि हजारो लोक आजारी पडले. स्वतंत्र देशाच्या राजधानीत नळाच्या पाण्याने ही अवस्था केली, तर बाकी गावांची काय कथा! अशा त्या काळात, ८ एप्रिल १९५८ रोजी, नागपुरात केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था स्थापन झाली. ती वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेची, म्हणजे सीएसआयआरची, प्रयोगशाळा. पिण्याचे पाणी, मैला, सांडपाणी आणि त्यांतून पसरणारे रोग हा तिचा विषय होता. पाण्यातले जादा फ्लोराईड तुरटी आणि चुन्याच्या साहाय्याने काढण्याची ‘नलगोंडा पद्धत’ याच संस्थेची. हाडे वाकवणाऱ्या त्या पाण्यावर गावातल्या गावात करता येईल असा हा उपाय होता. या संस्थेचे वळण त्यातून कळते. हाताशी असलेल्या स्वस्त वस्तूतून उपाय काढायचा, ही सवय तिला पाण्याच्या कामातच लागली असावी. पुढे ढिगांवरही तीच कामी आली.

१९७२ साली स्टॉकहोमला संयुक्त राष्ट्रांची मानवी पर्यावरणावरची परिषद झाली. १९७४ साली आपल्या संसदेने जलप्रदूषण प्रतिबंधाचा कायदा केला. त्याच वर्षी तत्कालीन पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या काळात संस्थेचे नाव बदलून राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था असे झाले. ‘नीरी’ हे तिचे आजचे बोलीतले नाव. नावासोबत कामाचा पसाराही वाढला. कारखान्यांच्या धुराड्यांतला धूर, त्यांचे सांडपाणी, घनकचरा हे सगळे अंगणात आले. नागपूरच्या भोवती एका बाजूला मँगनीजचा पट्टा, दुसऱ्या बाजूला कोळशाचा, मध्ये कोराडी आणि खापरखेड्याची औष्णिक वीज केंद्रे. पर्यावरणाची राष्ट्रीय प्रयोगशाळा नेमकी अशा मुलखात असल्यावर पडीक ढिगांचा प्रश्न तिच्याकडे आला नसता तरच नवल.

गेल्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत गुमगावच्या ढिगांवर काम सुरू झाले. या कामाशी ज्यांचे नाव सर्वांत जवळून जोडले गेले त्या शास्त्रज्ञ म्हणजे डॉ. आशा जुवारकर. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जी पद्धत बसवली तिला एकात्मिक जैवतंत्रज्ञान पद्धत म्हणतात. नाव जड आहे, काम समजायला सोपे आहे. ढिगावर रोप लावण्याआधी ढिगाला तीन गोष्टी द्यायच्या : सेंद्रिय पदार्थ, जिवाणू आणि बुरशी. त्यानंतर त्या जागी तगेल असे झाड निवडायचे.

यातली पहिली गोष्ट आपल्या शेतकऱ्यांच्या ओळखीची आहे. गुमगावच्या ढिगावर साखर कारखान्याचा प्रेसमड वापरला गेला. उसाचा रस शुद्ध करताना गाळणीवर जो काळसर, ओलसर गाळ राहतो तो प्रेसमड. शहाद्याजवळ पुरुषोत्तमनगरला सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखाना आहे. त्या परिसरातल्या ज्या शेतकऱ्यांनी प्रेसमड शेतात टाकला असेल, त्यांना त्याचा गुण वेगळा सांगायला नको. तो ओल धरतो, त्यात सेंद्रिय कर्ब भरपूर असतो, स्फुरद असते. म्हणजे एका कारखान्याला नको असलेला गाळ दुसऱ्या उद्योगाने मारलेल्या जमिनीवर उपचार म्हणून गेला. मला या सगळ्या इतिहासात ही कल्पना सर्वांत मोलाची वाटते. परदेशातून काही आणावे लागले नाही, महाग रसायन लागले नाही. एका ठिकाणी साचून वास मारणारी वस्तू दुसऱ्या ठिकाणी नेली, एवढेच.

पण नुसता गाळ टाकून भागत नाही, आणि इथेच संस्थेचे खरे शास्त्र आहे. जंगलातली मूठभर माती उचलली तर तिच्यात असंख्य जिवाणू असतात. काही जिवाणू हवेतला नत्र पकडून झाडाला देतात. शेंगांच्या पिकांच्या मुळांवर गाठी दिसतात त्या रायझोबियमच्या. अ‍ॅझोटोबॅक्टर मात्र मातीत मोकळा राहून हेच काम करतो. त्याशिवाय एक बुरशी असते, मायकोरायझा. ती मुळांच्या आत शिरते आणि तिचे केसाहून बारीक तंतू मुळे पोचत नाहीत तिथपर्यंत मातीत पसरतात. झाड तिला साखर देते, ती झाडाला स्फुरद आणि पाणी आणून देते. जिथे धातूंचे प्रमाण जास्त तिथे ही बुरशी बरेचसे धातू आपल्या तंतूंतच अडकवून ठेवते आणि रोपाला सावरते. खाणीचा ढीग जमिनीच्या खोल पोटातून आलेला असतो, म्हणून त्यात यातले जवळजवळ काही नसते. रोपवाटिकेतले सुदृढ रोप तिथे नेऊन लावले, की ते एकटे पडते. पहिल्या पावसात हिरवे राहते, दुसऱ्या उन्हाळ्यात मरते. वृक्षारोपणाच्या अनेक कार्यक्रमांचा हाच अनुभव आहे.

नीरीच्या शास्त्रज्ञांनी जिवाणू आणले तेही विचार करून. बाजारातले कोणतेही जैविक खत टाकण्याऐवजी त्यांनी अशा जागी तगून राहिलेल्या झाडांच्या मुळांभोवतीच्या मातीतून, धातूंना सरावलेले वाण वेगळे केले. ते प्रयोगशाळेत वाढवले आणि रोपांना लावले. म्हणजे त्या जमिनीवर जी काही चिवट जीवसृष्टी उरली होती, तिलाच कामाला लावले. रोपे निवडतानाही तीच दृष्टी होती. सिसू, करंज, कडुनिंब, शिवण, साग, बांबू अशी इथल्याच उन्हापावसात वाढणारी, काही शेंगवर्गीय, काही लाकडाला चांगली, काही लवकर सावली धरणारी. एकाच जातीचे रान केले नाही. वेगवेगळ्या झाडांची पाने वेगवेगळ्या काळात गळतात, वेगवेगळ्या गतीने कुजतात, आणि ढिगावर पाल्याचा थर धरू लागतो. तो थर म्हणजे नव्या मातीची सुरुवात. एकदा तो धरला, की गवत आपसूक येते, किडे येतात, त्यांच्यामागे पक्षी येतात आणि पक्ष्यांबरोबर नवे बी येते.

गुमगावनंतर ही पद्धत कोळशाच्या खाणींच्या ढिगांवरही गेली. तिथे १० हेक्टरांवर केलेल्या कामात प्रेसमडऐवजी सांडपाणी शुद्धीकरण केंद्रातला गाळ वापरला, हेक्टरी ५० टन. तो गाळ अल्कधर्मी होता, त्याचा सामू ८ च्या थोडा वर. अशा मातीत धातू जागच्या जागी बांधले जातात, पाण्यात विरघळून मुळाशी जात नाहीत. क्रोमियम, जस्त, तांबे, लोह, मँगनीज, शिसे, निकेल, कॅडमियम या सगळ्यांचा उपद्रव ३४ ते ४३ टक्क्यांनी कमी झाल्याची नोंद आहे.

राखेची गोष्ट याहून कठीण होती. खापरखेड्याचे औष्णिक वीज केंद्र १९८९ पासून चालू आहे आणि आज त्याची क्षमता १३४० मेगावॅट आहे. भारतीय कोळशात राख भरपूर. जळलेल्या कोळशाचा तिसरा हिस्सा, कधी त्याहूनही जास्त, राख होऊन बाहेर पडतो. त्या राखेचे ढीग वाऱ्यावर उडतात. घरातल्या भांड्यांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर, पिकांच्या पानांवर बसतात. राखेच्या वापराबाबत केंद्राने १९९९ साली अधिसूचना काढली. विटा, सिमेंट, रस्ते यांत ती वापरावी असे ठरले. पण जी आधीच साठली होती तिचे काय करायचे?

खापरखेड्यातल्या अशा राखेच्या १० हेक्टर ढिगावर नीरीने झाडे उभी केली. डॉ. जुवारकर आणि एच. पी. जांभुळकर यांनी या कामाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले आहेत. त्यांतले काही आकडे इथे सविस्तर देतो, कारण एवढे मोजमाप करून लावलेली झाडे आपल्याकडे क्वचितच पाहायला मिळतात. इथे सेंद्रिय पदार्थ म्हणून साधे शेणखत वापरले, हेक्टरी ५० टन. एकरी हिशेब केला तर २० टन, आणि सगळ्या ढिगाला ५०० टन. त्या एका गोष्टीने राखेची पाणी धरून ठेवण्याची क्षमता ४० टक्क्यांवरून ६२.४२ टक्क्यांवर गेली. सोबत जिवाणू आणि मायकोरायझाही दिले होते. त्यांच्यामुळे नत्र साडेचार पट वाढला, स्फुरद दहा पट. ज्या राखेत जिवाणू जवळजवळ नव्हतेच, तिच्या एका ग्रॅममध्ये रायझोबियम ७ कोटी १० लाख आणि अ‍ॅझोटोबॅक्टर ९ कोटी २० लाख इतके झाले. मायकोरायझाचे बीजाणू दर १० ग्रॅमला ३५ मिळू लागले. कॅडमियमचा उपद्रव २५ टक्क्यांनी घटला, तांबे, निकेल आणि शिशाचा ४६ ते ४८ टक्क्यांनी. आणि बांबूची मुळे, म्हणजे आपल्या मानवेलाची, काहीही न घातलेल्या राखेतल्या बांबूच्या तुलनेत १५ पट वाढली.

हा शेवटचा आकडा पुन्हा वाचावा असा आहे. आपण झाड वर किती वाढले ते पाहतो. राखेच्या ढिगाला धरून ठेवणारे, वाऱ्यावर उडू न देणारे काम मात्र खाली चालते, आणि खाली पंधरा पट फरक पडला होता. तीन वर्षांनी जवळजवळ सगळा ढीग हिरवा झाला.

याच कामातला दुसरा निष्कर्ष आनंदाने नव्हे, काळजीने वाचायला हवा. ढिगावर लावलेल्या झाडांचे धातूंसाठी पृथक्करण केले तेव्हा कासोदाच्या झाडात इतर झाडांपेक्षा सगळेच धातू जास्त साठलेले आढळले. शास्त्रज्ञांनी याकडे उपयोग म्हणून पाहिले, कारण जमिनीतले विष ओढून घेणारे झाड म्हणजे जमीन साफ करणारे झाड. ते बरोबरही आहे. पण आपल्यासारख्या भागात झाड म्हणजे चारा, जळण, पत्रावळी, फळ. राखेवरच्या किंवा खाणीवरच्या झाडाचा पाला शेळीने खाल्ला, तर तो धातू शेळीत जाणार आणि पुढे दुधात, मटणात. म्हणून अशा जागी लाकडाची आणि बांबूची झाडे लावावीत, चाऱ्याची आणि खाण्याची लावू नयेत, निदान पृथक्करण केल्याशिवाय तरी नाही. गावाला लाभ दाखवण्याच्या घाईत हा फरक विसरला जातो, आणि त्याची किंमत लहान मुलांनी मोजायला नको.

जगातही हे शास्त्र फार जुने नाही. इंग्लंडमध्ये लिव्हरपूल विद्यापीठाचे अँथनी ब्रॅडशॉ यांनी शिशाच्या आणि तांब्याच्या जुन्या खाणींवर काही गवते मुळीच मरत नाहीत हे हेरले आणि त्या गवतांतल्या धातू सहन करणाऱ्या वंशांचा अभ्यास केला. १९८० साली त्यांनी एम. जे. चॅडविक यांच्यासह उद्ध्वस्त जमिनीच्या पुनर्स्थापनेवर लिहिलेले पुस्तक या विषयातले पायाभूत मानले जाते. नापीक ढिगांची सर्वांत मोठी अडचण पुष्कळदा विष नसून नत्राची उपासमार असते, हे त्यांनी आग्रहाने मांडले. वेल्समधल्या अ‍ॅबरफॅन गावावर २१ ऑक्टोबर १९६६ रोजी कोळसा खाणीचा ढीग कोसळला आणि १४४ माणसे दगावली, त्यांत ११६ मुले होती. शाळा भरलेली होती. त्यानंतर खाणीच्या ढिगांकडे पाहण्याची ब्रिटिश समाजाची नजरच बदलली. कॅनडात सडबरीला निकेल आणि तांब्याच्या भट्ट्यांच्या धुराने मैलोगणती डोंगर काळे आणि उघडे पडले होते. तिथे १९७८ पासून गावकऱ्यांनी, विद्यार्थ्यांनी, कामावरून कमी केलेल्या खाणकामगारांनी डोंगरावर हाताने चुनखडी पसरली, गवताचे बी टाकले, झाडे लावली. चुन्याने जमिनीचा आंबटपणा मोडला आणि मग निसर्गाने पुढची वाट धरली. सडबरीत चुना लागला, गुमगावला प्रेसमड लागला, खापरखेड्याला शेणखत. दुखणे जागेजागी वेगळे आहे, म्हणून मातीची तपासणी न करता केलेले कोणतेही काम अंधारातले ठरते.

आपल्या शेजारच्या धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यात, बारीपाड्याला चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी जंगल परत आणले. त्यांना २०२५ साली पद्मश्री मिळाला तेव्हा आपल्याकडेही आनंद झाला. तिथे चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी केली आणि सुमारे साडेचारशे हेक्टर रान पुन्हा उभे राहिले. मग खापरच्या आसपासच्या उघड्या जागांवरही तेवढे केले की झाले, असे वाटणे साहजिक आहे. पण बारीपाड्याच्या मातीत जुन्या झाडांची खोडे, मुळे, बी आणि जिवाणू जिवंत होते. त्यांना फक्त गुरे आणि कुऱ्हाड यांपासून सुटका हवी होती. मुरमासाठी वीस-वीस फूट खरवडलेल्या डोंगरात राखायला काही उरलेलेच नसते. तिथे कुंपण घालून दहा वर्षे वाट पाहिली तरी बाभळीचे एखादे खुरटे झुडूप आणि घाणेरी, यापलीकडे फारसे काही यायचे नाही. कुठे राखण पुरेशी आहे आणि कुठे माती नव्याने घडवावी लागेल, हे आधी ओळखायला हवे. नीरीचा अनुभव दुसऱ्या जातीच्या जमिनीसाठी आहे.

मुंबईतल्या माहीमच्या निसर्ग उद्यानाचाही या मालिकेत उल्लेख करावासा वाटतो, जरी ते नीरीचे काम नाही. धारावीला लागून मिठी नदीच्या काठी शहराचा कचरा टाकण्याची जागा होती. ती १९७७ साली बंद झाली. पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली यांच्या हस्ते १९८३ साली तिथे झाड लावले गेले आणि १९९४ साली उद्यान लोकांसाठी खुले झाले. बंद होणे आणि खुले होणे यांत सतरा वर्षे गेली. एवढ्या काळात सरकारे बदलतात, अधिकारी बदलतात, शाळेत झाड लावलेली मुले नोकरीला लागतात. म्हणून हे काम एका कार्यक्रमाचे नसते, त्याला संस्था लागते. गुमगावच्या ढिगांचे यश मला यातही दिसते. तिथे झाडे लावल्यावर नीरीची माणसे वर्षानुवर्षे परत जात राहिली, माती उकरून जिवाणू मोजत राहिली, झाडाच्या घेराबरोबर मातीतला कर्ब मोजत राहिली. रोपे किती लावली हा आकडा बातमीत येतो. किती जगली आणि मातीत काय बदल झाला हे आकडे पुढच्या गावाच्या उपयोगाचे असतात.

आता आपल्या गावाकडे येतो. खापरच्या परिसरात मँगनीज नाही, औष्णिक वीज केंद्र नाही. पण दगड आणि मुरूम आहे, रस्त्यांची कामे आहेत, आणि डोंगर पोखरला जाण्याची भीती आहे. प्रमुख खनिजांच्या खाणींसाठी १९८८ च्या खनिज संवर्धन आणि विकास नियमांत एक महत्त्वाचे कलम होते : खणण्याआधी वरची माती वेगळी काढून ठेवायची आणि नंतर तीच परत पसरायची. या कलमामागे नीरीने ढिगावर जे कष्टाने निर्माण केले तेच तत्त्व आहे. जिवाणू, बुरशी, बी, कर्ब हे सगळे डोंगराच्या वरच्या फूट-दीड फूट थरात असते. तो थर वाचवला तर मातीत जीव परत आणण्याचे निम्मे काम आधीच झालेले असते. पण वरची माती काढून मोठा ढीग करून चार-पाच वर्षे तशीच ठेवली तर ढिगाच्या पोटात हवा पोचत नाही आणि जिवाणू मरतात. म्हणून ती माणसाच्या उंचीपेक्षा उंच रचू नये, तिच्यावर ताग किंवा दुसरे शेंगवर्गीय पीक पेरून ठेवावे आणि शक्य तितक्या लवकर परत पसरावी. खड्डा एका बाजूने भरत जाईल तशी दुसऱ्या बाजूची माती त्याच्यावर टाकता येते. एवढ्याला कोणतेही मोठे यंत्र लागत नाही. मुरूम काढणारा जेसीबी तिथेच उभा असतो.

दगड आणि मुरूम ही गौण खनिजे आहेत, त्यांना १९८८ चे ते केंद्रीय नियम लागू नव्हते. पण अक्कलकुवा तालुका पाचव्या अनुसूचीतल्या क्षेत्रात येतो आणि आपल्याला पेसा कायदा लागू आहे. १९९६ च्या या कायद्यात गौण खनिजांचा परवाना किंवा पट्टा देण्याआधी ग्रामसभेची किंवा योग्य पातळीवरच्या पंचायतीची शिफारस बंधनकारक आहे. ती शिफारस देताना गावाने अटी घालाव्यात : वरची माती वेगळी ठेवायची, खणून झाल्यावर उतार कमी करून ती पसरायची, खड्ड्यात पाणी साठणार असेल तर त्याचा काठ चढउतार करता येईल असा ठेवायचा, आणि पहिल्या पावसात करंज, सिसू, बांबू यांची जिवाणूखत लावलेली रोपे लावून तीन उन्हाळे जगवायची. जिवाणूखत कृषी विद्यापीठांत आणि तालुक्याच्या बाजारात मिळते, शेणखत गावात आहे, प्रेसमड शहाद्याला आहे. मायकोरायझासाठी सातपुड्यातल्या जुन्या जंगलातल्या त्याच जातीच्या झाडाखालची थोडी माती रोपवाटिकेतल्या पिशवीत मिसळली, तरी रोपाला हवी ती बुरशी मिळण्याची चांगली शक्यता असते. ती माती उचलताना तिथल्या झाडाची मुळे उघडी पडणार नाहीत एवढे पाहावे. पुढच्या वेळी ग्रामसभेसमोर खडीच्या किंवा मुरमाच्या परवान्याचा विषय आला, तर या अटी ठरावात लिहून घेण्यासाठी इतिवृत्ताच्या वहीत आताच एक पान राखून ठेवावे, अशी माझी सरपंचांना आणि सर्व पाड्यांच्या प्रतिनिधींना विनंती आहे.